स्वप्नात फोन लागत नाही

मी लिफ्ट दुरुस्त करतो. चोवीस वर्षं झाली. लोकांना वाटतं हे वर चढण्याचं काम आहे, पण निम्मं काम खाली उतरण्याचं असतं. प्रत्येक लिफ्टच्या तळाशी, सगळ्यात खालच्या थांब्याच्याही खाली, माणूसभर खोल खड्डा असतो. त्यात ग्रीस, धूळ, कुणाची पडलेली किल्ली, कुणाचं कानातलं असं सगळं साचतं. आणि तिथे फोनला रेंज नसते.

आईचे तीन फोन आले तेव्हा मी त्या खड्ड्यात होतो.

आई तेव्हा ताईकडे राहायला गेली होती. ताई म्हणजे माझी थोरली बहीण, तीन तासांवर दुसऱ्या गावात असते. आईला तसा काही आजार नव्हता. ब्याऐंशी वर्षांच्या बाईला जेवढं दुखतं-खुपतं तेवढंच. मी वर आलो, फोन पाहिला, तीन मिस्ड कॉल. पोटात कावळे ओरडत होते. म्हटलं, आईच तर आहे, हात धुतो, डबा खातो आणि मग निवांत बोलतो. आईशी बोलायचं म्हणजे अर्ध्या तासाची निश्चिंती. जेवलो. डबा विसळून पिशवीत ठेवला. मग फोन लावला तर ताईने उचलला आणि तिला बोलता येईना.

हे डब्याचं मी कोणाला सांगितलं नाही. बायकोलासुद्धा नाही. ताई त्या दिवशी एवढंच म्हणाली होती, "एवढा काय कामात होतास रे?" नंतर आम्ही बोलायचो, पण कामापुरतं. सही कुठे करायची, मृत्यूचा दाखला मिळाला का, बरं, ठेवतो.

आणि मग ते स्वप्न पडायला लागलं.

स्वप्नात भयंकर असं काहीच नव्हतं. भूत नाही, कड्यावरून पडणं नाही. माझ्या हातात फोन असायचा आणि मी आईचा नंबर लावत असायचो. दहा आकडे, झोपेतून उठवून विचारले तरी सांगेन असे. पण सातवर बोट टेकवलं की चार उमटायचा. पुसायचो, पुन्हा लावायचो. आता सगळे बरोबर आले म्हणून बघावं, तर मधले तीन भलतेच. घाई वाढत जायची, बोटं जाड-जाड व्हायची, आणि घामाने भिजून मी जागा व्हायचो. आठवड्यातून चार-पाच वेळा. चौदा महिने.

शेवटी मला झोपेचीच धास्ती बसली. अंथरुणाला पाठ टेकायची म्हटलं की काहीतरी काम आठवायचं. दिवसा डोळे चुरचुरायचे. एकदा लिफ्टच्या छतावर बसून काम केलं आणि जाड पाना तिथेच विसरून खाली उतरलो. माझा जोडीदार वयाने मोठा आहे. एखादी गोष्ट धरली की सोडत नाही म्हणून आम्ही त्याला पक्कड म्हणतो. त्याने तो पाना माझ्यासमोर नाचवला.

"हा कुणाच्या डोक्यात घालायचा होता?"

मी पाना घेऊन पिशवीत टाकला.

"मी साहेबांना सांगणार नाही," तो म्हणाला, "वहिनींना सांगणार."

आणि सांगितलंच. पक्कडच तो.

माझी बायको चष्म्याच्या दुकानात नंबर तपासते. 'आता नीट दिसतंय, की मघाशी?' हा प्रश्न तिच्या तोंडात इतका बसलाय की ती तो भाजीच्या मिठाबद्दलही विचारते. तिने चार ठिकाणी चौकशी केली आणि ध्यान आणि स्वप्नं यांवरच्या दोन दिवसांच्या वर्गात माझं नाव घातलं. स्वप्न चालू असतानाच आपल्याला ते स्वप्न आहे हे कळू शकतं, आणि तसं कळलं की भीती जाते, असं त्या जाहिरातीत लिहिलं होतं.

वर्ग एका मोठ्या हॉलमध्ये होता. सरांच्या गळ्यात माइक. त्यांनी पडद्यावर माणसाचं चित्र दाखवलं, त्याच्याभोवती कांद्यासारखे सात पापुद्रे. जाणिवेचे स्तर, त्या स्तरांचे उपस्तर, मग त्यांच्यातले लहरींचे संबंध. नमनालाच घडाभर तेल, आणि तेल संपता संपेना. एका बाईंनी विचारलं, "पण करायचं काय?" सर हसून म्हणाले, "त्यासाठी आधी आपल्याला बाराव्या आकृतीकडे यावं लागेल." चाळीस पानांची पुस्तिका घेऊन मी घरी आलो. त्या रात्री तेच स्वप्न पडलं, फक्त फोनच्या भोवती सात पापुद्रे होते.

"मग?" बायकोने विचारलं. "आता बरं वाटतंय, की मघाशी?"

"मघाशी," मी म्हणालो, आणि कानाला खडा लावला.

त्यानंतर महिन्याभरातली गोष्ट. भर दुपारी एका सहा मजली इमारतीतून फोन आला. लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये अडकलीय, आत एक म्हातारी बाई एकटीच आहे, आणि दहा मिनिटं झाली, ती हाकेला ओ देत नाहीये. आम्ही शहराच्या दुसऱ्या टोकाला होतो. पोहोचायला पाऊण तास लागला. जिन्यात शेजारीपाजारी जमले होते, एक जण दारावर चपलेने ठोकत होता. मी गच्चीवर जाऊन मशीनचं चाक हाताने फिरवत लिफ्ट चौथ्या मजल्याला आणली. मी धावत खाली आलो तेव्हा पक्कड दार उघडत होता. मला वाटलं, आता आत काय बघावं लागतंय कुणास ठाऊक.

आत एक सत्तरीची बाई फरशीवर बसली होती. पाठ भिंतीला टेकलेली, पाय लांब केलेले, चपला बाजूला जोडीने ठेवलेल्या, मांडीवर औषधांची पिशवी. डोळे मिटलेले. दार उघडल्याच्या आवाजाने तिने डोळे उघडले आणि म्हणाली, "आलात? बरं झालं. तो चप्पल आपटणारा कोण आहे, त्याला आधी थांबवा."

माझ्या जिवात जीव आला. तिला हात देऊन उठवत मी विचारलं, "तुम्ही ओ का दिली नाही? आम्ही घाबरलो ना."

"दिली होती. चार वेळा दिली. प्रत्येक जण येऊन तेच विचारत होता, घाबरला नाहीत ना. मग कंटाळले."

"आणि घाबरला नाहीत?"

"घाबरले की! पहिली दहा मिनिटं दरदरून घाम फुटला. मग म्हटलं, दार काही माझ्या घाबरण्याने उघडणार नाही. बसले आणि श्वास मोजला."

शेजारचे तिला 'सिस्टर, सिस्टर' म्हणत होते. इस्पितळात ती ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स होती. भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या शेजारी उभी राहून पेशंटचा हात धरायचं काम तिने छत्तीस वर्षं केलं होतं. हे मला तिने चहा पाजताना सांगितलं, कारण तिने आम्हाला दोघांना घरात ओढूनच नेलं. पक्कड चहा संपवून तार तपासायला गेला. कप खाली ठेवताना मला लागोपाठ तिसरी जांभई आली. तिने ती पाहिली.

"झोप येत नाही का तुला?" तुम्हीवरून ती तूवर कधी आली ते मला कळलंही नाही.

"नाही येत."

"येत नाही, की नको वाटते?"

इतक्या महिन्यांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी खुर्चीत नीट बसलो आणि त्या अनोळखी बाईला सगळं स्वप्न सांगितलं. सात, चार, जाड बोटं, सगळं. डब्याचं सोडून.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "शनिवारी काम संपलं की ये. वही आण. जाड नको, साधी."

शनिवारी मी गेलो. मनात धाकधूक होती की हीसुद्धा आता पापुद्रे काढते की काय. तिने समोर खुर्ची ठेवली.

"बस. पाय जमिनीला टेकव."

"हात कसे ठेवू? कोणतं बोट कोणत्या बोटाला?"

"मांडीवर ठेव. पडले नाहीत म्हणजे झालं."

"आणि डोळे?"

"मीट. उघडे ठेवलेस तर माझा पसारा बघत बसशील."

मी डोळे मिटले. ती म्हणाली, "श्वास येतोय, जातोय. तुला काही करायचं नाही, तो आपला आपण येतो. फक्त बाहेर गेला की एक मोज. असे दहा. मग पुन्हा एकपासून."

मी मोजायला लागलो. तीनपर्यंत गेलो आणि मनात आलं, त्या शाळेच्या इमारतीतल्या लिफ्टचं दार घासतंय. मग आलं, पाना पिशवीत ठेवला ना? मग एकदम लक्षात आलं की मी मोजतच नाहीये.

"गेलं ना लक्ष?" तिने विचारलं. "भुवया सांगतायत तुझ्या. जाऊ दे. परत एक म्हण."

"माझं सारखंच जातंय हो."

"जाणारच. त्याला परत आणायचं, एवढाच व्यायाम आहे. ते गेलंच नाही तर आणणार काय?"

दहा मिनिटं झाली. मी विचारलं, "पुढे?"

"पुढे काही नाही. रोज सकाळी दहा मिनिटं. हेच."

मला खरंच वाटेना. बाराव्या आकृतीची इतकी सवय झाली होती की सोपं ऐकून फसवणूक झाल्यासारखं वाटलं. तिने ते ओळखलं असावं. म्हणाली, "मी पेशंटला एवढंच सांगायचे. टेबलावर पडलेल्या माणसाला लांबण कशाला ऐकवायची? आत घे, बाहेर सोड, मी इथे आहे. राजाला तेच आणि रंकाला तेच."

मग तिने वहीचं सांगितलं. उशाशी ठेवायची. जाग आली की आधी हलायचं नाही, काय स्वप्न होतं ते आठवायचं, आणि दोन ओळी लिहायच्या. दुसरं, दिवसा आठ-दहा वेळा एखाद्या आकड्याकडे बघायचं, नजर काढायची, पुन्हा बघायचं, आणि स्वतःला खरोखर विचारायचं, मी जागा आहे का? जागेपणी आकडा जागचा हलत नाही. स्वप्नात हलतो.

"दिवसा सवय लागली की झोपेतही हात तिकडे जाईल. तुझं स्वप्न तर बिचारं स्वतःच ओरडून सांगतंय, आकडे बदलतायत बाबा, हे खरं नाही. तू ऐकत नाहीस, एवढंच."

"आणि कळलं, की मग?"

"मग तुझं तू ठरव. पण एक लक्षात ठेव. स्वप्नातली आई तुझ्याच डोक्यातली आहे. तिच्याकडून नवी बातमी मिळणार नाही. आणि झोप बिघडायला लागली तर हे सगळं बंद. झोप आधी, हा खेळ नंतर."

मी तिला विचारलं, हे तुम्ही कुठे शिकलात? ती नोकरीला लागून दोन वर्षं झाली होती, तेव्हा एक पेशंट टेबलावरून उठला नाही. कुणाची चूक नव्हती, हृदयच थकलेलं होतं. पण त्याचा हात हिच्या हातात होता. नंतर कित्येक महिने तिच्या स्वप्नात तो हात यायचा. वॉर्डातली फरशी पुसणाऱ्या एक मावशी होत्या. त्यांनी तिला जिन्यात रडताना पाहिलं. त्या शाळेत गेल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, "पोरी, स्वप्नात भिंतीवरच्या घड्याळाकडे बघ. वेडंवाकडं चाललं असेल तर समज झोपलीयस, आणि त्या हाताला म्हण, जा बाबा आता सुखाने." श्वास मोजायलाही त्यांनीच शिकवलं.

"तेव्हा मी त्यांना थँक्यूसुद्धा म्हणाले नाही," सिस्टर म्हणाली. "आमच्यात पद्धत नव्हती, फरशी पुसणाऱ्या बाईला थँक्यू म्हणायची. नंतर त्या काम सोडून गेल्या."

माझ्या कामात आकड्यांना तोटा नाही. लिफ्टच्या दारावर तीन दिसतो, मी नजर काढायचो, पुन्हा बघायचो, तीन. मी जागा आहे का? आहे. पक्कड दोन दिवस बघत राहिला आणि म्हणाला, "तो तीनच आहे रे. मी पण बघितला."

पहिले तीन आठवडे काहीच झालं नाही. वहीत 'आठवत नाही' असं अकरा वेळा लिहिलं. पण सकाळच्या दहा मिनिटांचा एक परिणाम झाला. स्वप्नातून दचकून उठलो तरी छातीतली धडधड लवकर शमायला लागली. बायकोने ते माझ्याआधी ओळखलं.

चौथ्या आठवड्यात एका पहाटे सातचा चार झाला आणि मी स्वप्नात स्वच्छ म्हणालो, अरे, हे तर स्वप्न आहे! आणि आनंदाने इतका उसळलो की पलंगावरच जागा झालो. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. सिस्टरकडे जाऊन कुरकुर केली.

ती हसली. "भूल उतरताना पेशंटही असेच उठून पळायला बघतात. कळलं की उडी मारू नकोस. हात एकमेकांवर चोळ. हळूच. स्वप्नातले हात. मग आजूबाजूला बघ."

त्यानंतरच्या रविवारी मी पाचला उठलो, पाणी प्यायलो आणि सुट्टी म्हणून पुन्हा पडलो. उजाडायला लागलं होतं. डोळा लागला आणि हातात फोन आला. सातवर बोट. चार. मी बघत राहिलो. नजर काढली, पुन्हा बघितलं. आता तिथे नऊ होता.

मी हात चोळले. ते गरम झाले, अगदी खरे वाटले. तळव्यांवरचे घट्टेसुद्धा लागले. पहिल्यांदाच मला त्या स्वप्नातली जागा दिसली. इतके महिने मी फोनच बघत होतो. मी आमच्या जुन्या घरात होतो, आई शिवणकाम करायची त्या खोलीच्या दारात. मी फोन खाली ठेवला. लावायचा नव्हताच आता. एक श्वास मोजला, मग दुसरा.

आई टेबलाशी बसून बटणं निवडत होती. मोठी एका वाटीत, लहान दुसऱ्या. ती शाळेचे गणवेश शिवायची, त्यामुळे घरात पांढऱ्या बटणांचा कधी दुष्काळ नव्हता. तिने वर पाहिलं नाही.

मी मनात किती काय योजून ठेवलं होतं. माफी मागायची होती. तोंडातून निघालं ते वेगळंच.

"आई, तुझे फोन पाहिले होते मी. पण मी आधी जेवलो."

तिने एक बटण उजेडाकडे धरून बघितलं आणि म्हणाली, "काय होतं डब्यात?"

"बटाटे. आणि उकडलेलं अंडं."

"गारच खाल्लंस ना?"

"हो."

"तुला किती वेळा सांगितलंय," ती म्हणाली आणि वाटी माझ्याकडे सरकवली, म्हणजे मी निवडायला बसावं म्हणून. मी बसलो. किती वेळ ते सांगता येणार नाही. बटणांचा गार गुळगुळीतपणा बोटांना जाणवत होता. मग हळूहळू खोली फिकट झाली आणि मी जागा झालो. दचकून नाही. नेहमी माणूस होतो तसा.

ती आई नव्हती हे मला माहीत होतं. ते सगळं मीच बोललो होतो, माझ्याच डोक्याने. पण मी पडल्या पडल्या विचार केला, मला आई इतकी पाठ आहे! मी कितीही मोठा गुन्हा कबूल केला असता तरी ती आधी डब्यात काय होतं तेच विचारणार, हे माझ्या हाडामांसाला ठाऊक होतं. चव्वेचाळीस वर्षं ती रोज थोडी थोडी माझ्यात साठत गेली होती. आणि चौदा महिने मी दहा आकड्यांशी झटत बसलो होतो. उशी ओली झाली, पण त्या रडण्यात जड असं काही नव्हतं.

बायको चहा घेऊन आली. मी तिला सगळं सांगितलं, डब्यासकट. ती पलंगाच्या कडेला बसली. तिचा नेहमीचा प्रश्न तिने विचारला नाही. म्हणाली, "तो डबा मी भरला होता. तू तो खाल्लास ते बरंच केलंस." मग थोड्या वेळाने, "ताईंना फोन कर."

"आत्ता? रविवार आहे, झोपली असेल."

"नसेल झोपली," बायको म्हणाली. बायकांना बायकांचं कसं कळतं कोण जाणे.

ताईने पहिल्याच रिंगला उचलला. "काय रे? सगळं ठीक?"

"ठीक आहे. ताई, तुला एक सांगायचं होतं. त्या दिवशी मी खड्ड्यातून वर आलो तेव्हा आईचे फोन दिसले होते मला. मी लगेच लावला नाही. आधी जेवलो."

मला वाटलं, झालं, आता तुटलं.

"छोट्या," ती म्हणाली. लहानपणानंतर तिने मला त्या नावाने हाक मारली नव्हती. "आई कशासाठी फोन करत होती माहीत आहे का तुला? शब्दकोडं सोडवत होती. लिफ्टच्या दुसऱ्या टोकाला वजन असतं ना, लिफ्ट वर गेली की खाली येणारं? त्याला काय म्हणतात ते तिला हवं होतं. मला विचारलं, मला कुठलं येतंय. तर म्हणाली, छोट्याला विचारते, त्याला सगळं येतं. तीनदा लावला. मग म्हणाली, कामात असेल, करू दे काम. आणि पुढचा शब्द सोडवायला घेतला."

"तिला बरं वाटत नव्हतं म्हणून नव्हता केला?"

"छे रे! मजेत होती. चष्मा कपाळावर होता आणि चष्मा शोधत होती."

मला हसू आलं.

"आता माझं ऐक," ताई म्हणाली. "ती गेली तेव्हा मी घरात नव्हते. शेजारच्याने दारात गाडी लावली होती, म्हणून खाली भांडायला गेले होते. वीस मिनिटं भांडले, तावातावाने. वर आले तर आई खुर्चीत... पेन हातात तसंच. मी कोणाला सांगितलं नाही. तुला विचारलं ना, एवढा काय कामात होतास म्हणून? ते मी मलाच विचारत होते रे. तू फोनवर सापडलास एवढंच."

आम्ही दोघं भावंडं त्या सकाळी दीड तास बोललो. चौदा महिन्यांत मिळून बोललो नसू एवढं. कोण जास्त दोषी याची आमच्यात जवळजवळ चढाओढ लागली, आणि मग दोघांनाही त्याचं हसू आलं. शेवटी ती म्हणाली, "मलाही झोप नाही लागत. तू काय करतोस ते मला सांग. पण सोपं करून सांग हं, माझं डोकं चालत नाही हल्ली."

"सोपंच आहे," मी म्हणालो. "खुर्चीत बस."

ते स्वप्न अजूनही पडतं, महिना-दोन महिन्यांतून एकदा. दर वेळी मला कळतंच असं नाही. कधी घामाघूम होऊनही उठतो. पण पाण्याचा घोट घेऊन पुन्हा झोपतो. ताई रोज सकाळी मोजते आणि मला कळवते. परवा म्हणाली, सातपर्यंत पोहोचले होते, मग शेजाऱ्याची गाडी आठवली.

हे सगळं सांगायला मी सिस्टरकडे गेलो. तिने ऐकलं, मान हलवली, आणि 'छान' म्हणाली. मी विचारलं, "तुमच्यासाठी काय करू? खरंच सांगा."

तिने जरा विचार केला. "मला लिफ्टचं मशीन दाखवशील? तीस वर्षं राहतेय इथे. कोण ओढतं मला, ते बघायचंय."

गच्चीवरच्या खोलीत ते असतं. सहाव्या मजल्यापासून पुढे अठ्ठावीस पायऱ्या. ती प्रत्येक चौथ्या पायरीवर थांबत होती, मी हात धरून होतो. कुलूप उघडलं. आत ग्रीसचा वास, मोठं चाक, त्यावरून गेलेले दोर. मी तिला दाराशीच उभं केलं आणि म्हणालो, "हात लावायचा नाही, इथूनच बघायचं." ती शाळेतल्या मुलीसारखी हात मागे बांधून उभी राहिली.

तेवढ्यात खाली कुणीतरी बटण दाबलं. खटका वाजला आणि चाक फिरायला लागलं.

"कोण असेल?" तिने विचारलं.

"दुसऱ्या मजल्यावरचं कोणीतरी. खाली चाललंय."

"आणि त्याला माहीतही नाही की वर एवढं सगळं चाललंय."

"नसतंच कोणाला."

चाक थांबेपर्यंत ती बघत राहिली. मी घरून निघताना चार वाक्यं जुळवून आणली होती. त्यातलं एकही आठवेना.

"सिस्टर, थँक्यू," मी म्हणालो.

ती माझ्याकडे वळली. तिचे डोळे भरले होते. वाऱ्याने असेल किंवा ग्रीसच्या वासाने, मी विचारलं नाही.

"असू दे," ती म्हणाली. "चल आता, दुखायला लागले गुडघे. आणि खाली लिफ्टने जाऊ या हं."